एक तलाव, अनेक शास्त्रे : आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा साकोली परिसरातील पाठ

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्गाने लाखनी मागे टाकून साकोलीकडे येताना दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसू लागतात आणि त्या बांध्यांच्या वरच्या अंगाला कोठे तरी मातीची लांबच लांब पाळ दिसते. पाळीपलीकडे तलाव असतो. या भागात वर्षाला साधारणतः १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु तो चार महिन्यांत पडून जातो आणि धानाला नेमकी गरज असते तेव्हा त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून येथील पूर्वजांनी पाणी अडविण्याची विद्या आत्मसात केली. आज पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव असून शासकीय कागदपत्रांत त्यांना माजी मालगुजारी तलाव, संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी तलावांतील गाळ काढण्याच्या मोहिमेसाठी प्रस्तुत लेखकाने एक माहितीपत्रक तयार केले होते. गाळ निघाला की पाणी वाढते, पाणी वाढले की धान आणि मासळी दोन्ही वाढतात, असे त्यात सोप्या भाषेत लिहिले होते. साकोली तालुक्यातील एका गावच्या ग्रामसभेत ते वाचून दाखविल्यावर ढीवर समाजातील एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या गावचा तलाव दोन वर्षांपूर्वीच खोदण्यात आला होता. पाणी वाढले हे त्यांनी मान्य केले. पण गावची जुनी मासळी मात्र जवळजवळ दिसेनाशी झाली, हे कसे, असे त्यांनी विचारले.

सभेला पाटबंधाऱ्याचे अभियंता होते. त्यांनी पाणीसाठ्याचे आकडे सांगितले. मत्स्यव्यवसायाच्या अधिकाऱ्यांनी मत्स्यबीज वेळेवर सोडले होते असे सांगितले. कृषी सहायकांनी गाळ टाकलेल्या शेतांचे उत्पन्न सांगितले आणि ग्रामसेवकांनी खर्चाचा हिशेब दिला. चौघांचीही माहिती खरी होती. तरीही वृद्धाचा प्रश्न तसाच राहिला, कारण तो चौघांच्याही विभागाबाहेरचा होता.

विद्यापीठांतून ज्याला आज ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ म्हणतात, त्याची गरज नेमकी येथे उत्पन्न होते. हा शब्द जड असला तरी त्यातील विचार जड नाही. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना तो रोजच्या कामात उपयोगी पडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

शब्दाचा अर्थ

एकाच विषयावर अनेक शास्त्रांच्या जाणकारांनी आपापला अहवाल लिहिला आणि ते सर्व एका पुठ्ठ्यात बांधले, तर त्यास बहुविद्याशाखीय काम म्हणता येईल. वर वर्णन केलेली ग्रामसभा अशीच होती. आंतरविद्याशाखीय काम याहून निराळे असते. त्यात प्रश्न सर्वांचा एकच असतो. एका शास्त्राने काढलेला निष्कर्ष दुसऱ्या शास्त्राच्या पुराव्यावर घासून पाहिला जातो आणि त्यामुळे पहिल्याला आपला निष्कर्ष, प्रसंगी आपला प्रश्नही, बदलावा लागतो.

महाराष्ट्रातील परंपरा

ही पद्धत आपल्याकडे परकी नाही. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात कार्य केलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) हे मूळचे गणितज्ञ. प्राचीन आहत नाण्यांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी हजारो नाणी एकेक करून तराजूवर तोलली. वापराने नाणे झिजते आणि त्याचे वजन घटते. या घटीला संख्याशास्त्राचे नियम लावून नाण्यांचा क्रम लावता येतो, असे त्यांनी दाखविले. त्याच कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली आणि पुण्याच्या परिसरात पायी हिंडून अश्मयुगीन हत्यारे, देवींची ठाणी व जुने व्यापारी मार्ग यांचा परस्परसंबंध शोधला. ग्रंथातील पुराव्याला शेतातील पुराव्याची जोड हवी, हा त्यांचा आग्रह होता.

पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन हे याच परंपरेतले. डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये ते सुरू केले आणि ते अनेक वर्षे चालले. तेथे मातीची भांडी पाहणारे पुरातत्त्वज्ञ होते, तसेच जळलेले धान्य ओळखणारे, जनावरांची हाडे तपासणारे आणि मानवी सांगाडे अभ्यासणारेही होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळविण्यासाठी खोदलेला पाट आणि त्याचा बांध तेथे सापडला. वस्तीच्या अखेरच्या काळात घरे लहान झाली, शेती घटली आणि शिकारीवरचे अवलंबन वाढले. हवामान कोरडे होत गेल्याने हे घडले असावे, हा निष्कर्ष घरे, धान्य आणि हाडे एकत्र मांडून पाहिल्यावर निघाला. केवळ खापरांवरून तो निघाला नसता.

सत्तरीच्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले वन. तेथील झाडांची यादी करताना ते वन कोणत्या श्रद्धेने आणि कोणत्या नियमांनी टिकले, याचीही नोंद त्यांनी घेतली. झाडांचे टिकणे हे गावाच्या रीतीशी बांधलेले होते, म्हणून रीत वगळून झाडांचा अभ्यास पुरा होणे शक्य नव्हते.

भंडारा जिल्ह्यापुरते पाहू गेल्यास, वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी संयुक्तपणे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले आणि शिळांवरील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे मिळाली. येथे मातीचे थर वाचणारा आणि अक्षरे वाचणारा, दोघांनाही एकमेकांची गरज होती.

तलावाकडे पाहण्याच्या पाच वाटा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाणी वाढूनही मासळी का घटली?

पहिली वाट इतिहासाची. येथील तलावांचे श्रेय परंपरेने कोहळी समाजाला दिले जाते. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणविले, अशी आख्यायिका आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही कोहळींच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची नोंद आहे. साकोलीपासून फार दूर नसलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. पुढे मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत आली. त्या काळच्या बंदोबस्ताच्या वेळी तयार झालेल्या ‘वाजिब-उल-अर्ज’ व ‘निस्तार पत्रक’ या दस्तऐवजांत पाणी, मासळी, चराई आणि गाळ यांविषयीच्या गावोगावच्या रीती नोंदविलेल्या आढळतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. १९५६ मध्ये हा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे अनेक तलावांची देखभाल जिल्हा परिषदेकडे गेली. मालकी बदलली हे कागद सांगतो. पण पाळीवर दरवर्षी माती टाकण्याची जबाबदारी तेव्हापासून कोणी उचलली, हे कागदात दिसत नाही. ते गावात विचारावे लागते.

दुसरी वाट भाषेची. साकोलीला राहून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा, तिच्या शब्दसंपत्तीचा आणि दंडारीसारख्या लोककलांचा अभ्यास केला. भाषेचा असा अभ्यास जलसिंचनाला काय उपयोगी, असे कोणी विचारील. परंतु जादा पाणी निघून जाण्याच्या जागेला येथे ‘सलंग’ म्हणतात, पाळीतून पाणी सोडण्याच्या दाराला ‘तुडुम’ म्हणतात आणि लहान तलावाला ‘बोडी’ म्हणतात. तलावाच्या तळाचा कोणता भाग उथळ, कोणता चिखलाचा, कोठे कोणती वनस्पती उगवते, यांसाठीही गावात स्वतंत्र शब्द आहेत. सर्वेक्षकाच्या नकाशावर जेथे एकच निळा रंग असतो, तेथे गावाच्या बोलीत अनेक जागा असतात. शब्द गोळा करणारा माणूस नकळत त्या जागांचा नकाशा तयार करीत असतो.

तिसरी वाट मोजमापाची. दहा हेक्टर पसरलेल्या तलावात सरासरी तीस सेंटिमीटर गाळ साचला असेल, तर तीस हजार घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर पाण्याची जागा गेली, हा साधा गुणाकार आहे. गाळ काढण्याचे महत्त्व त्यातून पटते आणि ते खरेही आहे. मात्र सरासरी हा शब्द येथे फसवा ठरतो. तळ सगळीकडे सारखा खोल केला काय किंवा मध्यभागी खोल व कडेला उथळ ठेवला काय, घनमीटरचा आकडा एकच येऊ शकतो. पाण्याच्या हिशेबात फरक पडत नाही. जिवांच्या हिशेबात पडतो.

चौथी वाट जीवशास्त्राची. रोहू, कटला, मृगळ हे मोठे मासे नदीच्या वाहत्या पाण्यात प्रजनन करतात. साचलेल्या तलावात ते सहसा होत नाही, म्हणून त्यांची बोटुकली दरवर्षी विकत आणून सोडावी लागते. गावच्या अनेक जुन्या जातींचे तसे नाही. पहिल्या पावसाचा लोंढा तलावात उतरू लागला की त्या प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि उथळ, वनस्पतींनी भरलेल्या कडेच्या पाण्यात अंडी घालतात. पिल्लांना आसरा आणि अन्न तेथेच मिळते. यंत्राने कडेपर्यंत सरळ खोदकाम झाले की ही उथळ कड नाहीशी होते आणि वनस्पतींची मुळे व बी गाळाबरोबर शेतात जातात. त्यातच गवत्या मासा सोडला तर तो उरलेल्या पाणवनस्पती खातो, आणि सायप्रिनस तळ उकरून त्या उपटतो. रिकाम्या काठावर बेशरम माजते. तलाव वरून पाहणाऱ्यास भरलेला दिसतो, पण त्यात मासळीच्या पिल्लांना राहण्यास जागा नसते.

पाचवी वाट लोकांची. तलाव एक असला तरी त्याचे वाटेकरी अनेक असतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर भारी धानाला शेवटचे पाणी हवे असते, म्हणून शेतकऱ्याला तुडुम उघडावेसे वाटते. मासेमारीचा ठेका घेतलेल्या संस्थेला उन्हाळाभर पुरेल इतके पाणी राखायचे असते. शिंगाडा लावणाऱ्याला शांत, उथळ पाणी हवे. गुरे राखणाऱ्याला उतरता काठ हवा. धुणे धुणाऱ्या स्त्रियांना घाट हवा. आणि पूर्वी पाण्याच्या कडेला उगवणारे कंद व भाजी खुडून आणणाऱ्या बाईला काय हवे, हे बहुधा कोणी विचारलेलेच नसते.

वाटा एकत्र येतात तेथे

त्या ग्रामसभेनंतर वर्षभरात प्रस्तुत लेखकाचे त्या गावी चार वेळा जाणे झाले. कधी सोबत महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, तर कधी जुनी कागदपत्रे वाचू शकणारे एक निवृत्त तलाठी. वृद्धांनी काठाकाठाने चालत, पूर्वी कोणती वनस्पती कोठे होती ते दाखविले. प्राध्यापकांनी त्यांची शास्त्रीय नावे लिहून घेतली. दोन ठिकाणी वृद्धांनी निरनिराळी नावे दिलेल्या वनस्पती प्राध्यापकांना प्रथम एकच वाटल्या. फुलोरा आल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा त्या दोन निघाल्या. त्याच्या उलट एक गोष्ट अशी घडली की, पूर्वी तलाव कधीच आटत नसे, असे सर्वजण सांगत असता तलाठ्यांना जुन्या नोंदीत तो आटल्याचा उल्लेख सापडला. लोकांची आठवण शास्त्राला दुरुस्त करते आणि कागद लोकांच्या आठवणीला दुरुस्त करतो. यात कोणाचाही अपमान नाही.

अखेरीस असे दिसले की मासळी घटण्याचे कारण एक नव्हते. कडेचे खोदकाम, सोडलेल्या माशांची निवड आणि शेतातून तलावाकडे येणारा एक ओहोळ बांध घालून बंद होणे, या तिन्हींचा त्यात भाग असावा. पैकी ओहोळाची गोष्ट कोणत्याही विभागाच्या नोंदवहीत नव्हती. मासे कोणत्या वाटेने चढत, असे विचारल्यावर ती समोर आली.

अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांना सोबत घेऊन याच दिशेने काम केले आहे. बेशरम काढणे, तळाची मशागत करून उपयुक्त पाणवनस्पतींची पुन्हा लागवड करणे आणि स्थानिक मासळीला अवसर देणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. निसर्ग आणि संस्कृती हे दोन शब्द या संस्थेच्या नावातच एकत्र आहेत. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेले दिवंगत मारुती चितमपल्ली यांचेही उदाहरण असेच. वनविद्या, संस्कृत ग्रंथ आणि रानात राहणाऱ्यांचे शब्द या तिन्हींतून त्यांनी पशुपक्ष्यांची माहिती वेचली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला.

अभ्यासाची रीत

या सर्वांतून शिक्षक व पंचायत सदस्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगता येतात.

प्रश्न विषयाच्या नव्हे तर अडचणीच्या भाषेत मांडावा. ‘तलावाचा परिसरशास्त्रीय अभ्यास’ असे म्हटले की इतिहासाचा शिक्षक बाजूला होतो. ‘आपल्या तलावातील मरळ का कमी झाली’ असे म्हटले की प्रत्येकाला त्यात काम मिळते.

सर्वांचा नकाशा एकच असावा. तलावाचा मोठा आराखडा भिंतीवर लावून खोली, वनस्पती, घाट, ओहोळ, जुनी नावे आणि वहिवाटी त्याच एका कागदावर भराव्या. दोन नोंदी एकाच जागी आल्या की त्यांचा संबंध आपोआप दिसू लागतो.

काळाचेही एकच कोष्टक करावे. बारा महिन्यांच्या चौकटीत पाण्याची पातळी, धानाची अवस्था, माशांचा अंडी घालण्याचा काळ आणि शिंगाड्याची काढणी लिहावी. कोणाची गरज कोणाच्या गरजेच्या आड कोणत्या पंधरवड्यात येते, हे त्यावरून कळते. ज्या तंट्याला आपण गावाचा स्वभाव समजतो, तो पुष्कळदा दोनच पंधरवड्यांचा तंटा असतो.

प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला निदान दोन प्रकारचे पुरावे असावेत : कागद आणि माणूस, किंवा माणूस आणि मोजपट्टी. दोन पुरावे जुळले नाहीत तर एक खोडून टाकू नये. तो विरोध तसाच लिहून ठेवावा, कारण पुढील शोध बहुधा तेथूनच सुरू होतो.

माहिती देणाऱ्याचे ऋण मान्य करावे. ज्या ढीवर बांधवाने वीस वनस्पती ओळखून दिल्या, त्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदीत असावे आणि तयार झालेली नोंद त्याला वाचून दाखवावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ही नोंदवही केवळ पूर्ततेचा कागद म्हणून भरण्याऐवजी अशा अभ्यासाची वही म्हणून वापरली, तर पंचायतीला निराळा खर्च करावा लागणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही विद्याशाखांच्या भिंती ओलांडण्यावर भर आहे. महाविद्यालयांना क्षेत्रीय प्रकल्पासाठी गावच्या तलावाइतका चांगला विषय क्वचितच मिळेल.

मर्यादाही ध्यानात घ्याव्या

या पद्धतीचे धोकेही आहेत. सर्व शास्त्रांचे थोडे थोडे घेऊन कोणत्याच शास्त्राची शिस्त न पाळणे, हा त्यांतील मोठा धोका होय. कोसंबी इतिहासकार झाले तरी तराजूपाशी ते गणितज्ञाइतकेच काटेकोर राहिले. एकत्र येण्यापूर्वी प्रत्येकाने आपले काम नीट करणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट अशी की ज्ञानाने हितसंबंधांचा विरोध नाहीसा होत नाही. कड उथळ ठेवली तर साठा काही प्रमाणात घटतो आणि त्याची झळ शेवटच्या बांधीवरील शेतकऱ्याला लागू शकते. अभ्यासाने ही झळ किती, कोणाला आणि कोणत्या महिन्यात, एवढे सांगता येते. ती कोणी सोसावी याचा निर्णय ग्रामसभेचा असतो. अभ्यासकाने तो आपल्याकडे घेऊ नये.

त्या गावात पुढे दुसऱ्या एका बोडीचे काम निघाले, तेव्हा ग्रामसभेत बराच वाद झाला. अखेर ओहोळाच्या तोंडाकडील कड खोदू नये, मधला गाळ काढावा आणि पहिल्या पावसात ओहोळाची वाट मोकळी ठेवावी, असा ठराव झाला. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत दोन धान उत्पादक शेतकरीही होते. मासळी पुन्हा येईल की नाही, हे काही पावसाळ्यांनंतरच सांगता येईल. म्हणून दरवर्षी आषाढात काठावर जाऊन नोंद घेण्याचे काम गावच्या शाळेने पत्करले आहे.

प्रस्तुत लेखकाने आपले जुने माहितीपत्रक आता नव्याने लिहिले आहे. ‘गाळ काढा’ हे वाक्य त्यात कायम आहे. त्याच्या आधी मात्र एक वाक्य वाढले आहे : खोदण्यापूर्वी तलावाच्या काठाने एक फेरी मारा, आणि त्या फेरीत अभियंत्याबरोबर शेतकरी, ढीवर, शिक्षक आणि काठावरची भाजी खुडणारी बाई, सर्वांना सोबत घ्या.